पुढच्या चाकाचे पाणी

मृग नक्षत्र लागले की आमच्या घरात दोन कामे ठरलेली असतात. गच्चीवरच्या पन्हाळीतला पाचोळा काढणे हे एक, आणि माझ्या सायकलच्या पुढच्या मडगार्डला लावलेली रबरी पट्टी तपासून, झिजली असेल तर नवी बसवणे हे दुसरे. पन्हाळीचे काम घरातले कोणीही करते. पट्टीचे काम मी दुसऱ्या कोणाला करू देत नाही. गेली नऊ वर्षे मी पंचवटीतून सातपूरच्या कारखान्यात सायकलने जाते. जाताना साधारण दहा किलोमीटर, येताना तेवढेच, आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतही हा क्रम मोडत नाही. अंगावर पाऊस आला तर त्याचे फारसे काही वाटत नाही. केस पुसता येतात, कुर्ता बदलता येतो. पण माझे काम तपासणी विभागात, दिवसभर उभ्याने असते, आणि ओल्या मोज्यांत पाय घालून आठ तास उभे राहणे म्हणजे काय, हे पहिल्या दोन पावसाळ्यांत मी पुरेपूर भोगले आहे.

त्या दोन वर्षांत माझी समजूत अशी होती की पाय भिजतात ते पावसाने, म्हणजे वरून पडणाऱ्या पाण्याने. ही समजूत नाशिकमध्ये तरी चुकीची आहे. घाटमाथ्यावर इगतपुरीला वर्षाकाठी ३००० मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस पूर्वेकडे सरकताना झपाट्याने कमी होतो, आणि शहरात येईपर्यंत त्याचा चौथा हिस्सा काय तो उरतो. त्यामुळे आपल्याकडे धो धो कोसळण्याचे दिवस मोजकेच असतात. भुरभुरीचे, झडीचे, घटकाभर येऊन गेलेल्या सरीचे दिवस मात्र पुष्कळ. अशा दिवशी आकाशातून पडणारे पाणी थोडे असते, पण ढगाळ हवेत रस्ता सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाळत नाही. मी अहिल्यादेवी होळकर पूल ओलांडते तेव्हा पाऊस थांबलेला असतो, रेनकोट घडी करून कॅरिअरला लावलेला असतो, आणि तरीही त्र्यंबक रस्त्याला लागेपर्यंत बुटांचे पुढचे टोक चिंब झालेले असते. हे पाणी येते कुठून, हा प्रश्न मला फार उशिरा पडला.

उत्तर दिले ते भद्रकालीतल्या एका वयस्कर सायकल मिस्त्रींनी. ब्रेकच्या रबरासाठी गेले होते, आणि बोलता बोलता मी त्यांना चांगले वॉटरप्रूफ बूट कुठे मिळतील असे विचारले. त्यांनी सायकल उचलून पुढचे चाक हाताने फिरवले आणि त्यावर मगातले थोडे पाणी सोडले. माझ्या सलवारीवर शिंतोड्यांची एक तिरपी रेघ उमटली. "ताई, बूट नंतर घ्या," ते म्हणाले, "पाणी वरून नाही येत, चाकातून येतंय. आधी ते अडवा."

चाक पुढे जाताना त्याचा जमिनीला टेकलेला भाग सायकलच्या मानाने मागे सरकत असतो आणि तिथून चाकाची मागची बाजू वर चढत असते. टायरच्या खाचांत रस्त्यावरचे पाणी चिकटते आणि जमीन सोडताच ते सरळ रेषेत सुटते, म्हणजे मागे आणि किंचित वर. त्या रेषेत नेमकी आपली पावले असतात. पायडल खाली आलेले असताना पाऊल जमिनीपासून वीतभरही उंच नसते, आणि पुढच्या चाकापासून ते हातभरही लांब नसते. ताशी १८ किलोमीटर या अगदी साध्या वेगाने सायकल चालली तरी टायरवरून सुटणारे पाणी सेकंदाला पाच मीटर वेगाने सुटते. तेच सरळ वर गेले असते तर हवेचा अडथळा सोडून सव्वा मीटर उंच उडाले असते. अशा वेगाने येणारे पाणी बुटाच्या शिवणीतून, जाळीतून, नाड्यांच्या भोकांतून आत शिरते. पावसाचा थेंब बुटावर पडून ओघळतो, तर चाकाचे पाणी बुटावर आपटते. शिवाय त्यात बारीक रेती आणि डिझेलची तेलकट घाण असते, ती मोज्याच्या विणीत जाऊन बसते आणि दिवसभर कातडीला घासत राहते.

मिस्त्रींचे म्हणणे पटले तरी मला ते डोळ्यांनी पाहायचे होते. पुढच्या रविवारी पाऊस थांबल्यावर मी दोन्ही पायांना घोट्यापासून गुडघ्यापर्यंत वर्तमानपत्राचे कागद दोऱ्याने बांधले, बुटांवरही एकेक कागद गुंडाळला आणि गंगापूर रस्त्यावर सोमेश्वरपर्यंत जाऊन परत आले. घरी येऊन कागद फरशीवर पसरले. गुडघ्याजवळचे कागद जवळजवळ कोरडे होते. पोटरीवर तुरळक ठिपके होते. बुटावरचे कागद मात्र आतल्या बाजूने, म्हणजे चाकाकडच्या बाजूने, फाटून लगदा झाले होते, आणि अंगठ्याच्या वर तर कागद उरलाच नव्हता. वाटेत पावसाचा एक थेंबही पडला नव्हता.

माझे वडील ज्या काळ्या सायकलवरून नाशिकरोडला नोकरीला जात, तिच्या पुढच्या चाकाला पत्र्याचे अखंड मडगार्ड होते आणि त्याच्या टोकाला जाड रबराची पट्टी जवळजवळ जमिनीला टेकेल इतकी खाली लोंबत असे. लहानपणी मला ती शोभेची वस्तू वाटे, कारण तिच्यावर कंपनीचे नाव उठावाच्या अक्षरांत असे. आज मला ती त्या सायकलवरची सर्वांत विचारपूर्वक केलेली वस्तू वाटते. हितेंद्र आणि महेंद्र महाजन या नाशिकच्या डॉक्टर बंधूंनी २०१५ साली रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका ही लांब पल्ल्याची सायकल शर्यत पूर्ण केली, आणि त्या सुमारास आपल्या शहरात गिअरच्या हलक्या सायकली दिसू लागल्या. सकाळी गंगापूर धरणाकडे निघालेले सायकलस्वारांचे थवे पाहून मला अजूनही आनंद होतो. पण या सायकली बहुतेक मडगार्डशिवायच विकल्या जातात. नंतर लावायला म्हणून जे प्लास्टिकचे तुकडे मिळतात, ते सीटखाली किंवा फ्रेमच्या तिरक्या नळीवर बसतात. त्यांनी पाठ आणि तोंड वाचते, पाय वाचत नाहीत. पुढच्या चाकाला पूर्ण लांबीचे, सळ्यांनी आवळलेले मडगार्ड घ्यावे, आणि तेवढ्यावर न थांबता त्याला पट्टी जोडावी. कारण बाजारात मिळणारे पूर्ण मडगार्डसुद्धा बहुधा पायडलच्या आसाच्या उंचीवर संपते, आणि पावलांवर येणारे पाणी त्याच्या खालून सुटते.

पट्टी घरी करता येते. मी प्रथम जुन्या ट्यूबचा तुकडा लावला होता. तो मऊ असल्यामुळे वाऱ्याने मागे उडत राही आणि पाणी त्याच्याखालून निसटे. नंतर मोटारीत पायाखाली घालतात त्या जुन्या रबरी चटईचा तुकडा कापला, आणि तो आजही सर्वांत चांगला वाटतो. वर मडगार्डएवढा रुंद आणि खाली पसरत जाऊन तळहाताएवढा, असा त्याचा आकार असावा. कारण वळण घेताना चाक तिरके होते आणि पाणी बाजूने सुटते. लांबी इतकी ठेवावी की पट्टी आणि रस्ता यांत चार बोटांचे अंतर राहील. याहून खाली आणली तर गतिरोधकावर अडकते आणि मडगार्डच ओढले जाते. दोन भोके, दोन स्क्रू, दोन्ही बाजूंना वॉशर आणि आतून चपटी डोकी, म्हणजे टायरला घासणार नाहीत. सगळे काम अर्ध्या तासाचे आहे. ती लावून मी पुन्हा कागद बांधून त्याच रस्त्याने गेले, तेव्हा बुटावरचे कागद सुरकुतले होते, पण अखंड परत आले. मागच्या चाकालाही अशी पट्टी लावावी. तिचा उपयोग आपल्याला नसतो, आपल्या मागून येणाऱ्याला असतो.

चाकाचे पाणी अडवल्यावर मग वरून येणाऱ्या पाण्याचा विचार करायचा. इथे कौलांचा नियम लागू होतो. कौले शाकारताना वरचे कौल खालच्या कौलावर येते, खाली जात नाही. रेनकोटची पँट बुटाच्या आत खोचली की पिंढरीवरून ओघळणारे सगळे पाणी आपण स्वतःच बुटात सोडतो. पँटचा घेर बुटाच्या बाहेर, त्याच्या तोंडाच्या चार बोटे खाली यायला हवा, आणि उजव्या पायाला चेनमध्ये अडकू नये म्हणून तो वेल्क्रोच्या पट्टीने आवळायला हवा. सुती सलवार किंवा चुडीदार घालून सायकल चालवणाऱ्या बहिणींनी आणखी एक लक्षात घ्यावे. सुती कापड वातीसारखे काम करते. गुडघ्यावर पडलेला पाऊस कापडातून झिरपत घोट्यापर्यंत येतो आणि तिथून मोज्यात उतरतो. बूट बाहेरून कोरडा दिसतो आणि आत मोजा ओला असतो. मी सायकलवर गुडघ्यापर्यंतची पातळ नायलॉनची पँट घालते, आणि सलवार पिशवीत ठेवते. पाय उघडे राहिले तर पुसता येतात.

आता वॉटरप्रूफ बुटांबद्दल. मिस्त्रींनी सांगूनही मी ते घेतले, आणि ते बरेच महाग होते. एका आषाढातल्या रविवारी आम्ही चौघी त्र्यंबकेश्वरला निघालो. बेळगाव ढगा मागे पडेपर्यंत पाय खरोखरच कोरडे होते. अंजनेरीच्या पायथ्याशी पावसाने गाठले, आणि पेगलवाडीपर्यंत माझे दोन्ही बूट काठोकाठ भरले होते, कारण पाणी घोट्यावरून आत उतरले आणि बाहेर पडायला त्याला वाट नव्हती. जाळीचा साधा बूट भिजतो, पण पायडल मारता मारता त्यातले पाणी निथळून जाते. वॉटरप्रूफ बूट भरतो आणि तांब्यासारखा भरलेलाच राहतो. कुशावर्तापाशी एका पायरीवर बसून मी बूट उपडे केले तेव्हा त्यातून धार लागली. ते वाळायला चार दिवस लागले.

अशा बुटांच्या आत पाणी अडवणारे जे पातळ पटल असते, ते वाईट असते असे मी म्हणत नाही. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीचे प्लास्टिक झटक्यात ताणून त्यात अतिसूक्ष्म छिद्रे निर्माण केली, आणि त्यातून गोर-टेक्स हे कापड आले. ही छिद्रे पाण्याच्या थेंबाला लहान पडतात आणि वाफेला पुरेशी मोठी असतात, म्हणून पाऊस आत येत नाही आणि घाम बाहेर जातो. परंतु वाफ आतून बाहेर जायची तर आतली हवा बाहेरच्या हवेहून उष्ण आणि दमट असावी लागते. थंड प्रदेशात हा फरक मोठा असतो. नाशिकच्या श्रावणात बाहेरची हवाच ओथंबलेली असते, त्यामुळे घाम आतच राहतो आणि पाऊस न लागताही मोजा ओला होतो. बुटावर चढवायच्या निओप्रीनच्या, म्हणजे फेसाळ रबराच्या, जाड आवरणांचेही तेच. ती पाय ऊबदार ठेवण्यासाठी आहेत आणि आपल्या पावसाळ्यात उबेची गरज नसते. बुटावर चढवायची सिलिकॉनची पातळ आवरणे मिळतात, ती अर्ध्या तासाच्या प्रवासाला बरी. मात्र त्यांचा तळ पायडलवर घसरतो आणि लवकर फाटतो. अगदीच अडले तर मोज्यावर दुधाची रिकामी, धुतलेली पिशवी चढवून मग बूट घालावा. माझ्या कारखान्यातले दोन सहकारी हे वर्षानुवर्षे करत आले आहेत, आणि वीस मिनिटांच्या अंतराला त्याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

माझी आजची रीत अशी आहे. झडीच्या दिवशी, म्हणजे चारांतले तीन दिवस, जुने जाळीचे बूट आणि पट्टी लावलेले मडगार्ड एवढ्यावर पाय कोरडे राहतात. मुसळधार पावसाच्या दिवशी मी पाय कोरडे ठेवण्याचा हट्ट सोडते आणि बोटे झाकणाऱ्या फ्लोटर सँडल घालते. अशा दिवशी पाय भिजणारच. ते पोहोचल्यावर पाच मिनिटांत कोरडे करता आले पाहिजेत, एवढेच पाहायचे. बोटे उघडी ठेवणारी चप्पल मात्र सायकलवर घालू नये, कारण ओल्या पायडलवरून पाय घसरला की अंगठ्याचे नख जाते. कारखान्यातले लोखंडी टोकाचे चामडी बूट मी घरी आणतच नाही. ते एकदा भिजले की त्यांचे अस्तर दोन दिवस वाळत नाही. ते तिथल्या कपाटात असतात, आणि सोबत एका घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत मोज्यांचे दोन जोड आणि एक लहान पंचा.

मोजे सुती नकोत. सूत पाणी पिते आणि धरून ठेवते. पॉलिस्टर-नायलॉनचे पातळ मोजे लवकर वाळतात आणि स्वस्त असतात. सर्वांत चांगले लोकरीचे, पण ते पातळ विणीचे हवेत. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तिसऱ्या हिश्शाएवढा ओलावा धाग्याच्या आत सामावून घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. त्र्यंबक-हरसूलकडे भाताच्या आवणीच्या दिवसांत खांद्यावर घोंगडी घेतलेली वडीलधारी माणसे दिसतात, ती काही परंपरा म्हणून नव्हे. भिजलेली घोंगडीही अंगाला गार लागत नाही, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अनुभवलेले असते.

पाय कोरडे ठेवण्याचा इतका आग्रह कशासाठी, असे कोणी विचारले तर मी चिखल्यांचे नाव घेईन. शेतात राबणाऱ्या प्रत्येक घराला हा शब्द माहीत आहे. पाय तासन्‌तास ओले राहिले की बोटांच्या बेचक्यातली कातडी पांढरी पडते, फुगते, सोलवटते आणि तिथे बुरशी धरते. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट यांच्यामध्ये हे सहसा आधी सुरू होते, कारण तिथे बोटे एकमेकांना घट्ट चिकटलेली असतात आणि हवा लागत नाही. दुसऱ्या पावसाळ्यात मला झालेल्या चिखल्या दोन महिने राहिल्या. औषधाच्या दुकानातून मी जी ट्यूब आणली तिने तीन दिवसांत खाज थांबली, म्हणून मी ती बंद केली, आणि आठवड्याभरात सगळे दुपटीने परत आले. पुढे त्वचारोगतज्ज्ञांनी ती ट्यूब पाहून सांगितले की तिच्यात बुरशीच्या औषधासोबत स्टेरॉइडही होते. स्टेरॉइडने खाज दबते, पण बुरशी पसरते. बुरशीवरचे साधे मलम बरे वाटू लागल्यानंतरही डॉक्टर सांगतील तितके दिवस लावावे लागते. मधुमेह असलेल्यांनी तर या बाबतीत एक दिवसही दुर्लक्ष करू नये, कारण त्यांच्या पायाची संवेदना कमी झालेली असू शकते आणि भेगेतून शिरलेला संसर्ग उशिरा लक्षात येतो.

म्हणून कारखान्यात पोहोचल्यावर माझी पहिली पाच मिनिटे पायांसाठी असतात. नळाखाली पाय धुवायचे, कारण चिखलाची रेती पुसून जात नाही. मग पंचाने प्रत्येक बेचके वेगळे करून टिपायचे, घासायचे नाही. आणि कोरडे मोजे घालण्यापूर्वी दोन मिनिटे पाय तसेच उघडे ठेवायचे. बोटे सुरकुतलेली असतील तर ती पूर्ववत होईपर्यंत थांबावे. त्या सुरकुत्या कातडी पाणी प्यायल्याने पडतात असे आपण समजतो; प्रत्यक्षात मज्जातंतू तिथल्या रक्तवाहिन्या आकसून घेतात, आणि ज्या बोटाचा मज्जातंतू तुटलेला असतो ते पाण्यात कितीही वेळ ठेवले तरी सुरकुतत नाही.

साचलेल्या पाण्यातून सायकल घालू नये, हे पायांसाठीही तितकेच खरे आहे. खड्डा किती खोल हे दिसत नाही, हे तर आहेच; पण शहरात साचलेल्या पाण्यात गटाराचे पाणी मिसळलेले असते, आणि उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस पायावरच्या लहानशा जखमेतूनही शरीरात शिरतो. गोदावरी चढली आणि दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी आले अशी बातमी आली की मी काठचा रस्ता सोडून देते, मग दोन किलोमीटर जास्त पडले तरी चालतात.

राहिले बूट वाळवणे. संध्याकाळी घरी आल्यावर नाड्या पूर्ण सैल करायच्या, जीभ बाहेर ओढायची, आतला तळवा काढून वेगळा उभा करायचा आणि बुटात वर्तमानपत्राचे बोळे बोटांच्या टोकापर्यंत दाबून भरायचे. ते बोळे तासाभराने बदलायचे, यात खरी गंमत आहे. पहिले बोळे ओले झाल्यावर तसेच रात्रभर ठेवले तर ते बुटालाच ओले ठेवतात. झोपण्यापूर्वी तिसऱ्यांदा बदलून बूट पंख्याखाली, तळ भिंतीला टेकवून तिरपे ठेवायचे. गॅसजवळ किंवा हीटरसमोर ठेवू नयेत. चामडे तडकते आणि तळाचा डिंक सुटतो. आमच्याकडे हे काम माझी आई करते. ती पहाटे उठल्यावर बुटात हात घालून पाहते आणि ओले लागले तर मला सँडल काढून ठेवते, म्हणजे दारात जे ठेवलेले असेल त्यावरून आज काय घालायचे ते मला कळते.